बाबासाहेबांची अमेरिका

१९१३ च्या जुलै महिन्यात बावीस वर्षांचा एक तरुण न्यूयॉर्क बंदरात उतरला. वडील रामजी सुभेदार त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. मागे परळच्या चाळीत पत्नी रमाबाई होत्या, लहानगा यशवंत होता आणि खाणारी बरीच तोंडे होती. खिशात बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेली शिष्यवृत्ती होती. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार. या तरुणाचे, म्हणजे भीमराव आंबेडकरांचे, पुढचे आयुष्य आपल्या सर्वांना ठाऊक आहे. निदान तसा आपला समज असतो. घटनेचे शिल्पकार म्हटले की आपण मोकळे होतो. पण ही घटना लिहिताना अमेरिकेच्या घटनेतले त्यांनी काय उचलले, काय मुद्दाम टाळले आणि कशापाशी ते अडखळले, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मला ती एखाद्या कादंबरीपेक्षा रंजक वाटते.

एक गैरसमज आधीच दूर करतो. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब कायदा शिकायला गेले नव्हते. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. जोडीला इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र. कायदा नंतर लंडनला आला. अमेरिकेची घटना त्यांनी पाहिली ती आधी हिशेबाच्या वहीतून. मी आयुष्यभर बँकेत आकडे जुळवले, म्हणून हे मला अधिक जाणवत असेल. पण योगायोग पाहा. ते पोहोचले त्याच वर्षी, १९१३ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेच्या घटनेत सोळावी दुरुस्ती झाली होती. ती प्राप्तिकराची. १८९५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा कायदा घटनाबाह्य ठरवला होता. कोर्टाने दार लावले, तेव्हा लोकांनी अठरा वर्षांनी घटनाच बदलून ते उघडले. या प्राप्तिकराच्या बाजूने ज्यांनी ग्रंथ लिहिला, ते प्रा. एडविन सेलिग्मन हेच बाबासाहेबांचे मार्गदर्शक गुरू झाले. त्याच डिसेंबरात अमेरिकेची मध्यवर्ती बँक स्थापणारा कायदाही झाला. घटना म्हणजे काचेच्या कपाटातली पवित्र पोथी नव्हे, तिच्यावर भांडण होते, ती हरते, दुरुस्त होते आणि पुन्हा कामाला लागते, हे त्या मुलाने वर्गाच्या दाराशीच पाहिले असणार. हा माझा तर्क आहे, पण १९५१ साली दिल्लीत जे घडले ते पाहता तो अगदीच हवेतला नाही. तिकडे आपण पुढे येऊच.

विद्यापीठाच्या भोजनगृहात कोणी जात विचारत नव्हते. बरोबरीने बसणे, बोलणे, वाद घालणे हे सारे त्यांना पहिल्यांदा मिळाले ते तिथे. पण विद्यापीठाला लागूनच हार्लेम होते आणि तिथे काळ्या लोकांची वस्ती वाढत चालली होती. यादवी युद्धानंतर अमेरिकेने तीन दुरुस्त्या केल्या होत्या. १८६५ ची तेरावी, गुलामगिरी बंद करणारी. १८६८ ची चौदावी, कायद्याचे समान संरक्षण देणारी. १८७० ची पंधरावी, वर्णावरून मताधिकार न नाकारण्याची. कागदावर याहून अधिक काय हवे? तरी दक्षिणेत काळ्या माणसाला मत देता येत नव्हते. कुठे कर आडवा यायचा, कुठे वाचनाची परीक्षा. १८८३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चौदावी दुरुस्ती सरकारला बांधते, खाणावळवाल्याला किंवा नाटकगृहाच्या मालकाला नाही. आणि १८९६ साली त्याच न्यायालयाने आगगाडीतले वेगळे डबे ग्राह्य धरले. डबे वेगळे असले तरी समान असले की झाले, असा तो न्याय. अस्पृश्यतेत वाढलेल्या माणसाला या न्यायातली लबाडी कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. करारानुसार बडोद्याला रुजू झाले, पण राहायला जागा मिळेना; पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेले. मग मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली. आणि इथे आपल्या कोल्हापूरचा प्रवेश होतो.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या २६ जुलैला मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. त्यांना हा अमेरिकेहून शिकून आलेला विद्वान भेटला, आणि १९२० च्या ३१ जानेवारीला सुरू झालेल्या ‘मूकनायक’ पत्राला महाराजांनी अडीच हजारांची मदत केली. त्याच वर्षी २१ आणि २२ मार्चला आपल्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. महाराज स्वतः आले आणि तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला, अशा अर्थाचे भाषण करून गेले. बाबासाहेब तेव्हा अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते.

शाहू महाराज आणि गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापुरात लहान पोरालाही माहीत असते. गंगाराम राजवाड्याच्या पागेत कामाला. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामना भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढून दिले. एवढ्याने भागणार नव्हते. हॉटेल निघाले तरी तिथला चहा प्यायचा कोणी? मग महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा पिऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. ही गोष्ट आपण महाराजांच्या थोर मनाची म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. पण तिच्यात कायद्याचा एक प्रश्न दडलेला आहे. राजा मोठ्या मनाचा नसेल तर गंगारामच्या हॉटेलाचे काय? आणि दुसऱ्याच्या हॉटेलात गंगारामला चहा मिळणार की नाही? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८३ साली ज्या प्रश्नावर हात झटकले होते, तोच हा प्रश्न. थोडा वेळ तो बाजूला ठेवू.

महाराजांची मदत, पारशी मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज आणि स्वतःची शिल्लक यांवर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. बॅरिस्टर झाले, रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली. (त्या पुस्तकातून रिझर्व्ह बँक जशीच्या तशी जन्मली असे हल्ली सर्रास सांगितले जाते. बँकेतला माणूस म्हणून मला ती अतिशयोक्ती वाटते. पुस्तक मुळातच इतके चांगले आहे की त्याला असल्या टेकूची गरज नाही.) १९२२ च्या मे महिन्यात शाहू महाराज गेले, तेव्हा बाबासाहेब परदेशातच होते.

मग १९२७ चे महाड. चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता, पण ठरावाने पाणी मिळत नव्हते. २० मार्चला बाबासाहेबांनी लोकांसह तळ्याचे पाणी घेतले. काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला, डिसेंबरात कोर्टाचा मनाई हुकूम आला. हजारो लोक जमले असताना त्यांनी तो हुकूम मोडू दिला नाही. हा माणूस रस्त्यावर उतरला तरी कोर्टाची पायरी विसरत नसे. दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध झालेले नाही. दावा जिंकला. पण जरा बारकाईने पाहिले तर विजय तोकडा होता. रूढी पुरेशी जुनी असल्याचे सिद्ध झाले असते तर? माणसाचा पाण्यावरचा हक्क पुराव्याच्या वयावर अवलंबून राहिला होता. मधल्या काळात, १९३५ पासून, बाबासाहेब मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. तिथल्या विद्यार्थ्यांचा मला हेवा वाटतो. इंग्लंडच्या घटनेवर ते तासच्या तास शिकवीत आणि स्वतःचा महाडचा खटला तेव्हा हायकोर्टात पडून होता.

१९४६ साली त्यांनी अमेरिकेतले काळ्यांचे थोर पुढारी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. ड्यू बॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तरही आले. तीस वर्षे उलटली तरी हार्लेम त्यांच्या डोक्यातून गेले नव्हते.

घटना समितीत ते आधी बंगालमधून निवडून गेले. फाळणीने ती जागा गेली. मग बॅ. मुकुंदराव जयकरांनी मोकळ्या केलेल्या मुंबईच्या जागेवर १९४७ च्या जुलैत काँग्रेसनेच त्यांना निवडून आणले आणि ऑगस्टअखेर ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. त्याआधी काही महिने त्यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनसाठी एक निवेदन तयार केले होते, ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावाचे. त्यात देशाचे नाव चक्क ‘युनायटेड स्टेट्स ऑफ इंडिया’ असे सुचवले होते. सभागृहाच्या बहुमतावर रोज न हेलकावणारे, ठरावीक मुदतीचे सरकार त्यात होते. कायमच्या बहुसंख्याकांच्या हाती ब्रिटिश पद्धतीचे सरकार गेले तर अल्पसंख्याकांचे काय, ही धास्ती त्यामागे होती.

आणि दीड वर्षाने, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, मसुदा मांडताना तेच गृहस्थ संसदीय पद्धतीची बाजू घेऊन उभे राहिले. अमेरिकी अध्यक्ष चार वर्षे पक्का असतो, पण त्याला रोज जाब विचारता येत नाही. मंत्रिमंडळ कधीही पडू शकते, पण प्रश्नोत्तरे, ठराव, चर्चा यांतून त्याचे रोज मोजमाप होते. स्थैर्य आणि जबाबदारी दोन्ही पुरेपूर मिळत नाहीत, तेव्हा मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रा. के. टी. शहांनी अमेरिकी धर्तीची सत्ताविभागणी मागितली, ती त्यांनी फेटाळली. हे मतांतर की तडजोड? मला वाटते, दोन्ही. एका पक्षाचे निवेदन लिहिणारा माणूस आणि चारशे दशांतून आलेल्या सभासदांचा मसुदा सांभाळणारा माणूस यांची कामे वेगळी असतात.

त्याच भाषणात त्यांनी संघराज्याचा फरक सांगितला. अमेरिकेत नागरिकत्व दुहेरी, राज्यांना स्वतःच्या घटना, न्यायालयांच्या दोन स्वतंत्र उतरंडी. आपल्याकडे नागरिकत्व एक, न्यायव्यवस्था एकसंध, वरच्या नोकऱ्या अखिल भारतीय, आणि आणीबाणीत एककेंद्री होऊ शकणारे राज्य. अमेरिकेतले हक्क निरपवाद आहेत आणि आपल्या मसुद्यात मात्र अपवादांची रांग आहे, ही टीका तेव्हाही होत होती. त्यावर त्यांनी १९२५ च्या गिटलो खटल्याचा दाखला दिला. तिथेही हक्कांना मर्यादा आहेतच, फक्त त्या घटनेत न लिहिता न्यायाधीशांनी घातल्या, हे त्यांचे म्हणणे. युक्तिवाद वकिली आहे आणि पूर्ण पटणाराही नाही. कोर्टाने एकेका खटल्यात घातलेली मर्यादा आणि सरकारच्या हाती आयती दिलेली मर्यादा यांत फरक राहतोच.

आता गंगारामच्या हॉटेलाकडे परत येऊ. घटनेचे पंधरावे कलम बहुतेकांना पहिल्या ओळीपुरते माहीत असते, की राज्य भेदभाव करणार नाही. पुढचा भाग वाचा. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीच्या जागा. सरकारी पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते. यांतून कोणाही नागरिकाला जात-धर्मावरून अडवता येणार नाही. इथे फक्त सरकार बांधले गेलेले नाही, हॉटेलवालाही बांधला गेला आहे. १८८३ साली अमेरिकेच्या चौदाव्या दुरुस्तीला जी भोके पडली, ती इथे आधीच बुजवली आहेत. चर्चेत दुकान म्हणजे काय, असा प्रश्न आला. धोबी, न्हावी यांचे काय? बाबासाहेबांनी खुलासा केला, की दुकान याचा अर्थ इथे व्यापक आहे, ठरल्या मोलात सेवा देणारा प्रत्येक जण त्यात येतो. शिवाय अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम आहेच. आणि हे सारे मोडले गेले तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क देणारे बत्तिसावे कलम, जे त्यांच्या लेखी सगळ्यांत मोलाचे होते. अमेरिकेला हॉटेल-खाणावळींसाठी असा कायदा करायला १९६४ साल उजाडले. महाडचे पाणी आणि भाऊसिंगजी रोडवरचा चहा या कलमात कसा उतरला याचा लेखी पुरावा मी दाखवू शकत नाही. पण तलाव आणि हॉटेल हे शब्द तिथे आहेत.

अडखळले ते एकविसाव्या कलमापाशी. अमेरिकेच्या घटनेत कोणाचेही जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’शिवाय हिरावून घेता येत नाही. ऐकायला हे शब्द साधे वाटतात. पण त्यांच्या आधारे तिथल्या न्यायालयाने १९०५ साली बेकरी कामगारांचे तास मर्यादित करणारा कायदा रद्द केला आणि १९२३ साली किमान वेतनाचा. १९३७ पर्यंत हे चालले. आपल्या घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेला गेले, तेव्हा तिथले न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनीच या शब्दांपासून सावध केले. परिणामी मसुद्यात ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असे शब्द आले. म्हणजे संसदेने कायदा केला, त्यात कार्यपद्धती सांगितली, की माणसाला आत टाकायला पुरे. ती कार्यपद्धती न्याय्य आहे का, हे न्यायाधीशाने विचारायचे नाही.

डिसेंबर १९४८ मध्ये यावर सभागृहात जोरदार चर्चा झाली. क. मा. मुन्शी अमेरिकी शब्दांच्या बाजूने, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर विरुद्ध. आणि हे दोघेही मसुदा समितीचेच सभासद. बाबासाहेब उत्तराला उठले आणि त्यांनी एरवी कधी न केलेली गोष्ट केली. त्यांनी दोन्ही बाजू मांडल्या आणि स्वतःचा कौल दिला नाही. एका पक्षाच्या मुठीतले कायदेमंडळ हक्क पायदळी तुडवू शकते, हे खरे. आणि पाच-सहा न्यायाधीश आपल्या वैयक्तिक समजुतीने चांगला कायदा रद्द करू शकतात, हेही खरे. निर्णय त्यांनी सभागृहावर सोपवला. सभागृहाने सरकारी मसुदा मंजूर केला. पण विषय त्यांच्या मनातून गेला नसावा. १९४९ च्या सप्टेंबरात त्यांनी नवे कलम आणले, आजचे बाविसावे. अटकेचे कारण सांगायचे, वकील घेऊ द्यायचा, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करायचे. एकविसाव्यात जे गेले, त्याची थोडी भरपाई इथे करीत असल्याचे त्यांनी सभागृहाला सांगितले. त्याच कलमात स्थानबद्धतेची तरतूदही आहे, हे मात्र विसरता येत नाही.

भीती खरी ठरायला सहा महिनेही लागले नाहीत. मे १९५० मध्ये कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या स्थानबद्धतेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकविसाव्या कलमाचा अगदी अरुंद अर्थ लावला. तो अर्थ मोडीत निघण्याची सुरुवात कुठून झाली, हे कळले तेव्हा मला गंमत वाटली होती. ती झाली बँकांच्या खटल्यातून! मी ८० च्या दशकात बँकेत लागलो, तेव्हा जुने सहकारी १९६९ च्या १९ जुलैच्या कथा सांगत. त्या दिवशी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. पुढच्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने दहा विरुद्ध एक मतांनी तो कायदा रद्द केला आणि सरकारला लगेच नवा वटहुकूम काढावा लागला. भागधारक आर. सी. कूपर यांच्या या खटल्यात न्यायालयाने गोपालन खटल्याची विचारपद्धती बाजूला सारली. मूलभूत हक्क एकमेकांपासून तोडून वाचायचे नसतात, ही दिशा तिथून मिळाली. त्या वाटेने १९७८ साली मनेका गांधी खटल्यात न्यायालय थेट म्हणून गेले, की कार्यपद्धती वाजवी, न्याय्य आणि उचितच हवी. दाराबाहेर ठेवलेले अमेरिकी शब्द तीस वर्षांनी मागच्या दाराने घरात आले. श्रीमंत भागधारकाच्या तक्रारीतून स्थानबद्ध माणसाची सोय झाली. कायद्याच्या गावात असे चालते.

१९५१ साली मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यात जातवार राखीव जागांचा आदेश रद्द झाला. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झाले होते. शाहू महाराजांचा वारसा आता याच घटनेच्या आसऱ्याला होता. बाबासाहेब कायदामंत्री होते. निकाल एप्रिलचा, आणि जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. तिने पंधराव्या कलमाला चौथे उपकलम जोडले, मागासवर्गांसाठी विशेष तरतुदींचे. प्राप्तिकरासाठी अमेरिकेला अठरा वर्षे लागली, इथे सव्वादोन महिने. सेलिग्मन यांच्या शिष्याने हा अनुशेष भरून काढला, असे म्हणावेसे वाटते. मात्र याच दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरच्या मर्यादाही वाढवल्या, आणि तेही त्याच कायदामंत्र्यांनी समर्थिले.

दरम्यान ९ डिसेंबर १९५० रोजी आपल्या बिंदू चौकात भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे उभे राहिले होते. हयातीतच पुतळा. आता २०२५ च्या ऑगस्टपासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंचही कोल्हापुरात बसू लागले आहे.

हिंदू कोड बिल रखडले, म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. १९५२ च्या सुरुवातीला लोकसभेची निवडणूक हरले. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट देण्यासाठी बोलावले. प्रकृती खालावलेली, मधुमेह, पाय दुखत, तरी गेले. पदवीपेक्षाही त्यांना ओढ होती ती आपले तत्त्वज्ञानाचे गुरू जॉन ड्यूई यांना भेटण्याची. ड्यूई तेव्हा ब्याण्णव वर्षांचे होते. १ जूनला ड्यूई वारले. बाबासाहेब तेव्हा वाटेत होते. पदवीदान ५ जूनला झाले. भेट हुकल्याची हळहळ त्यांनी माईसाहेबांना पत्रातून कळवली, आणि महिनाअखेरच्या आत ते मुंबईला परतले.